दुपारी येणारी ताईबाई

"छातीवर बसती," मारुतराव म्हणाले.

"कोण?" डॉक्टर अपेक्षा यांनी विचारलं.

"आमच्या घरातली. ताईबाई." त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडून जागा दाखवली. "हितं. मांडी घालून."

वडगाव रासाईचे मारुतराव शिरूरचा दवाखाना सोडून मुद्दाम दौंडला आले होते. शिरूरला निम्मं गाव भेटतं. सत्तरीच्या माणसानं बायको छातीवर बसते म्हणून केसपेपर काढला, ही बातमी त्यांच्याआधी घरी पोचली असती.

"रोज होतं?"

"आठवड्यातनं तीन-चारदा. दुपारी जेवून पडलो की. डोळं उघडं असत्यात. पंखा दिसतो, भाईर सून भांडी घासती ते ऐकाय येतं. पर हात हलत न्हाई. हाक मारावी तर जीभ उचलत न्हाई. आन् ही बसल्याली."

"काही बोलतात त्या?"

मारुतराव भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत राहिले. "इचारती कायबाय."

"काय?"

"घरचंच."

"कधीपासून सुरू झालं हे?"

"ती गेली तवापासनं. माघात गेली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज हळू झाला. "किती वर्षांचा संसार?"

"सेहेचाळीस."

"एकटं वाटत असेल."

"वाटतं. चा मनासारखा व्हत न्हाई."

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. मेंदू आधी जागा होतो, अंग मागं झोपेतच राहतं, आणि अर्धं राहिलेलं स्वप्न उघड्या डोळ्यांना दिसतं. भूतबीत काही नाही. मारुतराव झेंडू तोडायला पहाटे तीनला उठत, म्हणजे झोपही तुटलेली. पाठीवर झोपायचं नाही, कुशीवर झोपायचं. तरी झालंच, तर सगळा जोर लावून एक बोट हलवायचं. अंग सुटलं की माणूस दिसायचं थांबतं.

"इंजेक्शन?" मारुतरावांनी विचारलं.

"गरज नाही."

दौंडपर्यंत येऊन नुसता सल्ला मिळाल्याचं त्यांना बरं वाटलं नाही. ते उठायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आजोबा, तुमचं त्यांच्याशी काही बोलायचं राहून गेलंय का?"

मारुतराव बटण लावत होते. ते चुकीच्या काजात गेलं.

"असंल."

"मग बोलून टाका. मोठ्यानं. मन मोकळं झालं की झोपही नीट लागते."

"ती चिडंल."

"आता कशाला चिडतील त्या?"

"तुम्ही वळखत न्हाई तिला."

"आजोबा," डॉक्टर समजुतीनं म्हणाल्या, "त्या जिथं आहेत ना, तिथं राग-लोभ काही नसतो."

हे मारुतरावांना नवीन होतं. पण बाई शिकलेली होती, म्हणून त्यांनी ते मानलं.

घरी आल्यावर सून शितलनं विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर, मामा?"

"कुशीवर झोपा म्हनली."

"फोन करून कुणाला सांगू का?"

"कुणाला न्हाई सांगायचं."

चार दिवस मारुतराव कुशीवर झोपले. पाठीशी उशी लावून, पाय आवळून. चारही दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी झोपेत उशी खाली पडली आणि ते उताणे झाले.

डोळे उघडले तेव्हा लाईट गेलेली होती. पंखा थांबला होता. अंग दगडासारखं पडलं होतं. आणि ताईबाई आली होती.

पण यावेळी ती छातीवर नव्हती. खाटेच्या पायथ्याशी बसली होती. कुशीवर झोपण्याचा गुण, मारुतरावांच्या मनात आलं. छातीवरनं पायाशी आली, अजून आठ दिवसांत उंबऱ्याबाहेर जाईल.

ती काही विचारत नव्हती. नुसती बघत होती. मारुतरावांनी सगळा जीव उजव्या अंगठ्यात गोळा केला. अंगठा हलला. मग मनगट हललं. मग घशातला बोळा निघाल्यासारखं झालं.

अंग सुटलं की ती दिसायची थांबणार होती. त्याच्या आत बोलायला हवं होतं. मारुतरावांनी डोळे गच्च मिटले.

"अगं, ऐक. तुझ्या माहेरचा तांब्याचा बंब ज्ञानूनं न्हाई नेला. मी बैलगाड्याच्या पैजंत लावला. आपला बैल शर्यतीच्या घाटात मधीच बसला आन् पैज जिंकून बंब खंडूनं नेला. तू इचारलंस तवा माझ्या तोंडात तुझ्या भावाचंच नाव आलं. बावीस वरसं तू त्याला ववाळलं न्हाईस. त्यो दर भाऊबीजेला फाट्यापर्यंत यायचा, मीच त्याला माघारी लावायचो. म्हणायचो, अजून तिचा राग गेला न्हाई. बंब खंडूच्या न्हाणीत हाय. मी तिकडं गेलो की बघून येतो. लखलखीत ठेवलाय त्यानं."

बोलता बोलता त्यांना रडू आलं. बावीस वर्षं अडकलेलं निघालं होतं. छाती कापसासारखी हलकी झाली. हात हलत होते, पाय हलत होते. डॉक्टरीनबाईला झेंडूची एक पाटी नेऊन द्यायची, असं त्यांनी ठरवलं.

लाईट आली. पंखा फिरायला लागला. मारुतराव डोळे पुसत उठून बसले.

ताईबाई पायथ्याशी तशीच होती. तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली, कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि म्हणाली, "आपल्या लेकीला, प्रतिभाला पोरगी झाली. माघापासनं तिच्यापाशीच अडकले हुते, आता बाळबाळंतीण खुशाल हाईत, म्हणून आज पाबळवरनं सकाळचीच एसटी धरली. तुम्ही झोपा. मी जरा खंडूच्या न्हाणीत जाऊन येते."