आईची बाजू

सकाळचा उजेड खिडकीच्या जाळीतून टेबलावर उतरला, हेडफोनच्या वायरीवरून सावकाश सरकत संगणकाच्या पडद्यावर थांबला. तिथे आईबाबांच्या जुन्या गप्पांच्या दोन ध्वनिलहरी होत्या, डावीकडे बाबांची आणि उजवीकडे वर्षापूर्वी गेलेल्या आईची. उजवी लहर उंच उसळत होती, पण ऐकू येत होते फक्त बाबा. “हा तिसरा हेडफोनही उजवीकडून मुका,” मी ध्वनिसंपादकाच्या तोऱ्यात म्हणालो. “तुझी आई गप्प बसली, असं कधी झालंय?” बाबा हसले. “माझ्या रेडिओला एकच स्पीकर. दोघांना एकत्र करून दे.” मी स्टिरिओचे मोनो केले. आता दोन्ही बाजूंना दोघांचेही आवाज होते. आई माझ्या डाव्या कानात खळखळून हसली. मग मी हेडफोन डाव्या कानावरून अलगद सरकवला. आई पुन्हा गेली. तिन्ही हेडफोन उत्तम होते. माझ्या उजव्या कानाला ऐकू येत नव्हते.