अडकलेला हात

“आवाज अजिबात तुटणार नाही, काका. लिहून देतो.”

“आवाज तुटू दे हो! आवाजाचं आम्हाला काय करायचंय? चित्र अडकतं का, ते सांगा.”

नेट कंपनीचा टाय लावलेला विक्रेता गडबडला. वेग, फुकट सिनेमे, पहिला महिना मोफत, सगळं त्याने तोंडपाठ करून आणलं होतं. हा प्रश्न मात्र त्याच्या कागदावर नव्हता. “अडकलं तर तक्रार नोंदवता येते,” तो म्हणाला. टेलरकाकांनी त्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. आठवड्यातली ही दुसरी कंपनी. पहिल्या कंपनीच्या बाईने फोनवर आकड्यांचा असा मारा केला होता की काकांनी हातातली कात्री खाली ठेवून कपाळ धरलं होतं.

त्यांनी दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं. खिडकीपाशी शर्टाची काजं करत बसलेल्या बायकोने मान वर केली. तिला हाक मारायची ती अशी. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं, आणि परगावी राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीलाही नाही. दोघींनी लहानपणी स्वतःची हातांची भाषा बनवली होती. ती इतकी भरभर चाले, की एकतीस वर्षं संसार करूनही काकांच्या पदरात निम्मीच पडे. रोज दुपारी दोघी व्हिडिओ कॉलवर बसत आणि तासभर हात थांबत नसत.

आठ दिवसांपूर्वी ते थांबले. बायकोने विचारलं होतं, “पंधरा दिवस राहायला येऊ का?” ताईने तळहात पुढे केला आणि चित्र तिथेच थिजलं. चांगलं मिनिटभर. मग कॉलच बंद पडला. तुमचं-आमचं बोलणं मध्येच तुटलं, तर तुटलं हे कळतं तरी. या दोघींच्या भाषेत मात्र पुढे धरलेला तळहात हा अख्खा शब्द होता. ‘नको.’

“नेट अडकलं गं,” काकांनी परोपरीने सांगितलं.

“नेट धड आहे. तिचं मन अडकलंय,” बायकोने हातांनी सुनावलं आणि हाताची घडी घातली. तिचा अबोला म्हणजे ही घडी. ताईचे कॉल आले, तिने घेतले नाहीत. निरोप आले, ते न वाचताच पुसले. नवऱ्याने परस्पर विचारायचं नाही, अशी शपथही घातली. काकांनी तिच्याकडून कसंबसं एवढंच कबूल करून घेतलं, की नवं नेट लागल्यावर एक कॉल करायचा. तेव्हाही ताई नको म्हणाली, तर विषय कायमचा बंद. हे कबूल करून घेताना काका स्वतःच धास्तावले होते. खरंच नको असेल तर?

तिसरी आली ती खांद्यावर शिडी घेऊन. मागच्या गल्लीतल्या छोट्या कंपनीची वायरवाली. तिने एकही आकडा सांगितला नाही. बाहेरच्या खांबावर चढली, उतरली आणि हात झटकत म्हणाली, “काका, सगळ्यात मोठा प्लॅन घेऊन काही उपयोग नाही. तुमची तारच कुजलीये. शिवाय तो नेटचा डबा लोखंडी कपाटामागे कोंबलाय. मधला प्लॅन पुरे, तार मात्र नवी टाकू.”

“आणि चित्र?”

“अडकलं तर पैसे न घेता शिडी उचलून परत जाते.”

काकांनी त्याच क्षणी ठरवून टाकलं. दोन तासांत नवी तार आत आली, डबा कपाटावर विराजमान झाला, त्यावर हिरवा दिवा लागला. “लावा बघू कुणाला तरी,” ती म्हणाली.

काकांनी ताईला कॉल लावला. बायको समोर येऊन बसली, पण घडी सोडेना. पडद्यावर ताई आली ती रागातच. इतके दिवस होतीस कुठे, कॉल का घेत नाहीस? काकांनी बायकोला कोपराने ढोसलं. अखेर घडी सुटली. “तूच नको म्हणालीस ना?”

“मी? कधी?”

“येऊ का विचारलं तेव्हा.”

ताईने कपाळावर हात मारला. आणि त्या दिवशीचं उत्तर पुन्हा द्यायला हात उचलला. तोच तळहात पुढे आला. बायकोचे हात पुन्हा घडीकडे निघाले. वायरवालीने उगाचच हिरव्या दिव्याकडे बघितलं.

पण या वेळी तळहात थिजला नाही. तो वळला, ताईच्या छातीला टेकला, आणि मग दोन बोटं तुरुतुरु चालत पडद्याच्या दिशेने निघाली.

“थांब. मीच येते!”

ताईने फोन दाराकडे फिरवला. तिथे तिची बॅग उभी होती, आठ दिवसांपासून भरून ठेवलेली.