मधुचंद्राची बोट

“हनिमून नेमका कोणाचा, काका?” प्रवासकंपनीतल्या मुलीने विचारलं.

“आमचाच,” सत्तरीतले अच्युतराव इतक्या गंभीरपणे म्हणाले, की तिने निमूट बोटीची चित्रं पुढे केली.

नव्या नवरीचं, म्हणजे कुमुदिनीबाईंचं, चित्रांत लक्ष नव्हतं. अच्युतरावांचं हृदय कधीही बंद पडेल, हे डॉक्टरांनी लग्नाआधीच सांगितलं होतं. आणि बाईंचे पहिले यजमान यात्रेच्या बसमध्ये बसल्या जागीच गेले होते. बाकीच्यांचं दर्शन चुकू नये म्हणून मंडळींनी प्रेतासकट बाईंना एका ढाब्यापाशी उतरवलं. “देवाला तुमचाही नमस्कार सांगतो हं,” म्हणत बस निघून गेली.

“मुली, बोटीवर माणूस गेलं तर मधेच उतरवतात का गं?”

मुलगी चपापली. “भर समुद्रात कुठे उतरवणार, काकू? शीतपेटीत ठेवतात आणि परत आणतात.”

“आणि बायकोला?”

“त्याही सोबतच येतात की.”

अच्युतराव खाकरले. “अगं, हनिमूनला निघालोय आपण.”

“म्हणून तर विचारलं,” बाई म्हणाल्या. “आता खुशाल काढा तिकिटं. काहीही झालं तरी तुम्हाला घेऊनच घरी येईन.”