मेलेल्यांचा खोकला

सिनेमा ऐन रंगात आला होता. तेवढ्यात एडविज नोवाचिक उठली, काठी टेकत पुढे गेली आणि पडद्यासमोर उभी राहिली. सिनेमातली काळ्या तोंडाची मढी तिच्या कोटावरून चालू लागली.

"खोकला कुठंय?" तिनं विचारलं.

बास्तियांनं सिनेमा थांबवला. हा पॅरिसचा पोरगा. लोकांनी टाकून दिलेले सिनेमे हुडकून दुरुस्त करायचा त्याला नाद. आमच्याच खाणीवर काढलेला हा भुतांचा सिनेमा त्याला एका गोठ्यात, गंजक्या डब्यांत सापडला. त्यानं त्यासाठी दोन वर्षं जिवाचं रान केलं. गुरुवारी सिनेमा पॅरिसला लागणार होता, पण त्याआधी ज्यांचा आहे त्यांना दाखवावा म्हणून बास्तियांनं तो मुद्दाम वस्तीच्या सभागृहात आणला होता. पोरगा मनाचा वाईट नव्हता, हे सांगायला हवं.

सिनेमाची गोष्ट साधी. खाणीत गाडली गेलेली माणसं वर येतात आणि मालक जेवायला बसलेला असताना त्याच्या दारात जाऊन उभी राहतात. नट आणायला दिग्दर्शकाकडे दमडी नव्हती. त्यानं बिअर आणि सॉसेजवर खरेखुरे खाणकामगार उभे केले. मेलेल्यांनी आवाज करायचा नसतो, हे त्यांना बजावून बजावून तो थकला. पण कोळशानं भरलेली छाती कुणाचं ऐकते? शेवटी त्यानं हात टेकले आणि खोकला तसाच राहू दिला. मग पॅरिसच्या शहाण्यांनी खोकणाऱ्या भुतांची अशी टर उडवली की आठवड्याच्या आत सिनेमा उतरला.

बास्तियांनं दुरुस्त केलेल्या प्रतीत आता खोकल्याच्या जागी व्हायोलिन वाजत होतं.

बास्तियां समजावू लागला. तेव्हा लोक याच जागी हसले होते, आताही इथंच हसतील. भीतीच्या सिनेमात एकदा हसू फुटलं की खेळ खलास. "मादाम, सिनेमा वाचावा म्हणूनच केलं मी हे."

"माझा स्तानिस गेला तेव्हा खाणीच्या डॉक्टरनं भरपाई टाळायला हृदयविकार लिहिला," एडविज म्हणाली. "कोळशाचा खोकला त्याला नव्हताच म्हणे. मग रात्र रात्र मी कुणाची पाठ चोळत होते? त्याचा खोकला या एका सिनेमात तेवढा उरला होता, पोरा. तोही तू पुसलास."

बास्तियांची मान खाली गेली. जुना आवाज आपल्याकडे जपून ठेवलाय, असं तो म्हणाला. पण पॅरिसच्या थिएटरवाल्यांनी ही साफ केलेली प्रत पसंत केली होती. आता त्यात खोकला घातला तर ते सिनेमाच लावणार नाहीत.

"नाही तर नाही," मागून ग्युस्ताव म्हणाला. त्याच्या नाकात प्राणवायूची नळी होती, जीभ मात्र शाबूत होती. "इतकी वर्षं गोठ्यात होता, पुन्हा गोठ्यात ठेव. गाईंना खोकल्याचं वावडं नसतं."

सभागृह हसलं. एडविज हसली नाही. तिनं बास्तियांला फक्त एवढंच सांगितलं, की माणसं खाणीतून वर येतात तिथपासून पुन्हा लाव.

त्यानं लावलं. पडद्यावर सगळ्यांत पुढे हातात दिवा घेऊन तरणाताठा ग्युस्ताव आला. खुर्चीवरचा ग्युस्ताव खोकला. त्याला काही नाटक करावं लागलं नाही. पडद्यावर त्याच्यामागून लेओपोल्ड आला. तो जाऊन फार वर्षं झाली. कॉफीच्या टेबलापाशी त्याची बायको रेमोंद गोड वॉफल मांडत होती. तिनं हातातली बशी खाली ठेवली आणि ती खोकली. खोल, शेवटी शीळ वाजणारा खोकला. हुबेहूब लेओपोल्ड. आमच्या वस्तीतल्या भिंती पातळ. इथल्या बायकांना आपल्याच काय, शेजारणीच्या नवऱ्याचाही खोकला पाठ होता. तिसऱ्याचं मागे कुणी उरलं नव्हतं, तर त्याचा खोकला शेजारणीनं काढला. मग चौथा, पाचवा.

बास्तियांनं हात लांबवून व्हायोलिनचा आवाज बंद केला.

कुणी हसलं नाही. नगराध्यक्षांच्या बायकोनं कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली.

सगळ्यांत शेवटी स्तानिस आला. उंच, चेहरा काळा, डोळे तेवढे पांढरे. तो मालकाच्या दारात थांबला. एडविजनं छाती भरून श्वास घेतला. आधी दोन लहान ढासा काढल्या, बायकोची झोप मोडू नये म्हणून दाबलेल्या. मग तो लांब खोकला, जो त्याला कधीच दाबता आला नाही.

पडद्यावर मालकानं सूपचा चमचा तोंडाशी नेला होता. चमचा तिथंच थांबला, आणि मालकानं दाराकडे पाहिलं.