सरस धरेपर्यंत

लीलाधरबुवांनी खुंटीवरचा तंबोरा आपल्या हातानं उतरवला, तेव्हा झुलाल मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं.

"आज काही एक ऐकणार नाही, नाना," बुवा म्हणाले. "मागं आलो तर तारांची जवारी लागायची होती. त्याआधी आलो तर रोगण ओलं. आता रामनवमी तोंडावर आली. पिंप्राळ्याच्या देवळात मी काय परात वाजवून गाऊ? संध्याकाळच्या भुसावळ गाडीनं हा माझ्याबरोबर येणार."

झुलाल ओशाळं हसला. तंबोरा तर केव्हाच तयार होता. बुवांना समोर बसवून, त्यांचा गळा ऐकून, त्या मापानं घडवलेला. लाकूड सातपुड्यातल्या तुणीचं, कितीतरी उन्हाळे खाऊन हाडासारखं वाळलेलं. टिचकी मारली तरी बोलायचं. एवढं चांगलं वाद्य त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि नेमकं हेच त्याला द्यायचं नव्हतं.

झुलालच्या घराण्यात एक दंडक होता. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची तबली बसवताना कोणी बोलायचं नाही. कडेला ऊन ऊन सरस लावायचा, तबली टेकवायची, आणि सरस धरेपर्यंत दोन्ही तळव्यांनी दाबून मुकाट बसायचं. त्या वेळी तोंडातून निघालेला शब्द भोपळ्याच्या पोटात अडकतो, असं त्याचा बाप सांगायचा. गल्लीतले लोक चेष्टा करायचे, "सरसना वास उना रे, आते चूप." त्याची बायको सुगंधाबाई मात्र कधी हसली नाही. तशी चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशा तोंडाची बाई. पण सरस उकळायला लागला की खोकलासुद्धा पदरात दाबायची.

या तंबोऱ्याच्या वेळी ती बोलली. तापानं आतल्या खोलीत पडून होती. तबली नुकतीच टेकली होती, आणि आतून आवाज आला, "आयकतस का? जरासं पानी द्या."

झुलालनं हात उचलले नाहीत. उचलले असते तर तबली सरकली असती. देऊ घटकाभरानं, असं त्याच्या मनात आलं. जन्मभर नियम पाळणारी बाई आज तो मोडते आहे, तर तसंच काही असेल, हे काही त्याला सुचलं नाही. सरस धरल्यावर तो लोटा घेऊन आत गेला. तोवर ती गेली होती. तिचा एक हात बाजेवरून खाली, माठाच्या दिशेनं लोंबत होता.

तारा चढवल्या आणि त्या दिवसापासून सुरू झालं. चारी तारा एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या खालून ती पाणी मागायची. झुलाल रोज दार लावून ऐकायचा, पण ओ द्यायचा नाही. मेलेल्या माणसाच्या हाकेला ओ दिली की ते आपल्याला घेऊन जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याला भीती वाटायची, आणि ऐकल्याशिवाय भाकरीही गोड लागायची नाही. तंबोरा पिंप्राळ्याला गेला की सुगंधाबाई दुसऱ्यांदा जाणार होती.

बुवांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मागच्या दोन्ही खेपांना झुलालनं त्यांना ओट्यावरूनच परत लावलं होतं, त्यामुळे ती वारल्याचंसुद्धा त्यांच्या कानावर आलं नव्हतं. ते घोंगडीवर बसले, तंबोरा खांद्याला टेकवला आणि तारा छेडल्या. खोली सुरानं भरून गेली. बुवांनी डोळे मिटले. मग एकाएकी त्यांचा हात थांबला आणि त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"नाना, वहिनी पाणी मागताहेत."

झुलालच्या अंगावर काटा आला. एवढे दिवस त्याला वाटत होतं, आपल्यालाच ऐकू येतं.

"घरमा कोणी नही शे, बुवा."

"भांडलात वाटतं," बुवा म्हणाले. "अहो, मी ह्या कानांनी ऐकलं. माझं राहू द्या, मी काही पळून जात नाही. तहानलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये. उठा."

तारा अजून घुमत होत्या. झुलालला भडभडून आलं. इतके दिवस तो तिचा आवाज ऐकत बसला होता, आणि ती बापडी इतके दिवस नुसतं पाणी मागत होती.

"उनू वं," त्यानं ओ दिली. माठातून लोटा काठोकाठ भरला आणि आत गेला.

आत तिची बाज भिंतीला उभी करून ठेवलेली होती. कोणी नव्हतं. तिची उशी जिथं असायची तिथं तो उकिडवा बसला आणि लोटा पुढं धरला. थोड्या वेळानं लोटा हलका लागू लागला. मग आणखी हलका.

तो बाहेर आला तेव्हा बुवा पुन्हा वाजवत होते. आता नुसता सूर होता. त्याच्या खाली काही नव्हतं.

"लई जा, बुवा," झुलाल तंबोऱ्याकडे हात करून म्हणाला.

"पाणी दिलंत ना?"

झुलालनं लोटा उपडा करून दाखवला. एक थेंब पडला नाही. त्याच्यामागं उघड्या दारातून आतली सारवलेली जमीन दिसत होती, कोरडी ठाक.

"तिले कितली तहान लागेल व्हती," तो म्हणाला. "बठ्ठं पी गयी."