सगळ्या चाचण्या पास

"सांगितलं तर कुणाला पटायचं नाही," घाणेकरकाकांनी कप खाली ठेवला. मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमसाठी हौसेनं राबणारी मंडळी जवळ सरकली. "हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा आपल्या सिस्टीमवर आणली माझ्या जुनाट लॅपटॉपनं. असा तापला की आमच्या हिनं त्यावर पापड भाजले. सगळ्या चाचण्या पहिल्याच फटक्यात पास."

हशा पिकला. काका मात्र मृदुलाची नजर चुकवत होते. पुराचा अंदाज सांगणारा तिचा प्रोग्राम त्यांच्याच हॅस्केलवर चालायचा. उत्तरं चुकतात म्हणून ती पीएचडी सोडणार, हे काल कानावर आलं होतं. वर्षापूर्वी अपूर्णांकांच्या गणिताची एक चाचणी नापास होऊन हॅस्केल सिस्टीमवर आणायचं काम अडलं, तेव्हा काकांनी चाचणीच गुपचूप बंद केली होती. हे तिला सांगायचं ठरवूनच ते आले होते. पण माणसं जमली आणि जीभ आधी धावली.

"पहिल्याच फटक्यात?" मृदुलानं विचारलं.

"अगदी," काकांच्या तोंडून निघून गेलं.

"थापा मारताय, काका. तुम्ही बंद ठेवलेली चाचणी मी सकाळी चालवून पाहिली. ती नापास होते, आणि मी वर्षभर स्वतःलाच मठ्ठ म्हणतेय."