गालातलं गुपित

चौबे कॉलोनीतल्या भार्गवची तर हवाच टाइट झाली ना! बहीण अनुश्री डेंटल कॉलेजात, तिनं प्रॅक्टिकलसाठी त्याचा अन् आईचा गाल आतून काडीनं खरवडून पेशी दोन स्लाइडवर घेतल्या. "घे वं, पाहून घे! आपल्या घरात कोणालेच व्यसन नाही बाप्पा," आई ठसक्यात म्हणाली. पण भार्गव तर लपूनछपून सिगरेट ओढायचा! मायक्रोस्कोपखाली सारं दिसलं तर? पोट्ट्यानं हळूच स्लाइडवरच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी अनुश्री रडतच घरी आली. "दादा, आईच्या पेशी जराशाच बिघडल्या. पण तुझ्या पाहून मॅडम घाबरल्या! कॅन्सरची तपासणी उद्याच करा म्हणे. खरं सांग, तू तंबाखू लावून राहिला का?"

भार्गवनं तिचा हात धरला. "अनु, चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. ती स्लाइड माझी नाही... आईची आहे."



दारात उभ्या आईच्या पदराखालून गुडाखूची, दाताले घासायच्या तंबाखूची, डबी खाली पडली, अन् घरभर तंबाखूचा वास सुटला.